सेलच्या घड्याळाला हलता पेंडुलम बसवायचाय? आधी हे वाचा

भिंतीवर साधं सेलचं घड्याळ आहे, चांगलं चालतंय, आणि त्याला खाली एक हलणारा पेंडुलम पाहिजे, एवढीच इच्छा असते. काम अवघड नाही. स्क्रूड्रायव्हर धरता आला की झालं. पण बसवल्यावर चार दिवसांनी "पेंडुलम थांबायलाय, मशीनच खराब निघालं" म्हणत दुकानदाराशी भांडायला जाणारे लई जण असतात, आणि त्यातल्या बहुतेकांचं मशीन एकदम ठणठणीत असतं, गडबड दुसरीकडंच असते. म्हणून आधी थोडं समजून घेऊ, मग पान्हा-पकड हातात घेऊ.

मेन गोष्ट ही की सेलच्या घड्याळातला पेंडुलम वेळ राखत नाही. तो नुसता शोभेला हलतो.

चावीच्या घड्याळात तसं नव्हतं, तिथं पेंडुलम हाच मालक. १६५६ साली हायगेन्स नावाच्या डच शास्त्रज्ञानं पेंडुलमचं घड्याळ बनवलं, तिथपासून ते आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत टांगलेल्या ठोक्याच्या घड्याळांपर्यंत हिशोब एकच, पेंडुलम जितका लांब तितका सावकाश हलणार आणि त्याच्या हेलकाव्यावर आतली चाकं मोजून पुढं सरकणार. म्हणून तिथं खालचा नट वर चढवला की घड्याळ पळायचं आणि खाली उतरवला की मागं पडायचं. सेलच्या घड्याळात हे काम पेंडुलमकडं दिलेलंच नाही. मशीनच्या आत एका बारीक नळीत क्वार्ट्झचा स्फटिक असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, चिप त्या आकड्याला सलग १५ वेळा निम्मं करत जाते आणि शेवटी सेकंदाला एकच ठोका उरतो, त्या ठोक्यावर कॉइलपाशी बसवलेला बारका चुंबक अर्धा फेरा फिरतो, त्याला जोडून प्लास्टिकची चाकं आणि चाकांवर काटे. बस, वेळेचं काम इथंच संपलं.

म्हणजे पेंडुलम लावला की तुमच्या एका घड्याळात दोन वेगळी यंत्रं होतात, एक वेळेचं आणि एक हलण्याचं. एकानं काम सोडलं तरी दुसरं चालू राहू शकतं. वेळ मागं पडायली तर पेंडुलमचा नट कितीही फिरवा, काही फरक पडत नाही, आणि पेंडुलम थांबला म्हणून वेळ चुकत नाही. हे एकदा लक्षात आलं की बिघाड शोधायचं निम्मं काम तिथंच होतं.

मग तो हलतो कशावर?

पेंडुलम ज्या हुकाला अडकवतात त्या हुकाच्या वरच्या अंगाला, पेंडुलम हलवणाऱ्या डब्बीच्या आत, एक छोटा चुंबक असतो आणि त्याच्या समोर तांब्याच्या बारीक तारेची कॉइल. चुंबक कॉइलसमोरून गेला की कॉइलमध्ये किंचित करंट तयार होतो, सर्किटला कळतं की हा आला, आणि ते लगेच सेलमधून कॉइलला एक बारीक झटका देतं. त्या झटक्यानं चुंबक पुढं ढकलला जातो. लेकराला झोक्यावर बसवलं की झोका जवळ आल्यावर आपण बरोबर वेळ साधून हलकं ढकलतो, तसंच हे. सर्किट स्वतःचा वेग लादत नाही, पेंडुलम ज्या चालीनं येईल त्या चालीला ते साथ देतं. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात डोलणारी जी फुलं-बाहुल्या असतात त्यांच्या पोटातही हेच असतंय, फक्त सेलच्या जागी सोलरची पट्टी.

आता यातली कामाची गोष्ट अशी की तो झटका फार म्हणजे फारच छोटा असतो. दीड व्होल्टच्या एका पेन्सिल सेलवर महिनोन्महिने हलवायचंय, तर मोठा झटका द्यायचा कुठून? म्हणून पेंडुलम हलका पाहिजे, कुठं घासायला नको, आणि मोकळा सोडल्यावर तो बरोबर मधोमध लोंबला पाहिजे. या तीन गोष्टी सांभाळल्या तर तो थांबत नाही. खाली सगळं जे लिहिलंय ते या तिघांच्याच भोवती फिरतं.

रस्ते तीन, नवख्यानं पहिला धरावा

पहिला रस्ता म्हणजे जुनं मशीन काढून टाकायचं आणि पेंडुलमवालं जोड मशीन बसवायचं. याच्यात वरती वेळेचं मशीन आणि त्यालाच खाली जोडून हलवायची डब्बी, एकाच अंगात, आणि सहसा एकाच सेलवर. साधं मशीन चौकोनी असतं, साधारण ५६ मिमी बाय ५६ मिमी, हे जोड मशीन रुंदीला तेवढंच पण उंचीला जवळपास दुप्पट.

दुसरा रस्ता, जुनं मशीन आहे तसंच ठेवायचं आणि खाली नुसती हलवायची डब्बी वेगळी लावायची, तिला तिचा स्वतःचा सेल. ज्यांचं मशीन आवाज न करणारं, सेकंद काटा सरसर फिरणारं आहे आणि ते बदलायचं नाही, किंवा डायल काचेची आहे नि तिला हात लावायची भीती वाटते, त्यांना हा बरा. तोटा एवढाच की दोन सेल सांभाळायचे. पण माझ्या मते तो तोटा नाहीच, एक सेल संपला तरी दुसरं काम चालू राहतं.

तिसरा म्हणजे घरीच कॉइल गुंडाळून ट्रान्झिस्टर लावून करायचं. सोल्डरिंग येतं आणि हौस आहे त्यांनी जरूर करावं, फुटलेल्या डोलणाऱ्या फुलाची कॉइल आणि सर्किट त्यासाठी कामाला येऊ शकतं. पण पहिल्यांदाच करताय तर हे नको.

दुकानात जायच्या आधी फूटपट्टी घ्या

लोक नुसतंच जातात आणि म्हणतात पेंडुलमचं मशीन द्या. मग घड्याळ दुरुस्तीवाले मामा विचारतात, "डायल किती जाड हाय रे बाळा?" आणि हा बघतच राहतो. मशीनच्या पुढं जी आट्याची नळी असते, जिच्यातून काट्यांचे दांडे बाहेर येतात, तिची लांबी डायलच्या जाडीवर ठरते. डायलची जाडी अधिक चार-पाच मिमी, कारण वर वायसर आणि नट बसायला जागा लागते. ६ मिमी प्लायला निदान १०-११ मिमी आटे पाहिजेत, १२ मिमी प्लायला १६-१७. पातळ प्लास्टिकच्या डायलला आखूड नळी चालते. लांब नळी घेतली तर मागून दोन वायसर जास्त टाकून भागवता येतं पण आखूड घेतली तर काहीच करता येत नाही, म्हणून शंका असली तर लांबच घ्या, फक्त काच असली तर काटे काचेला टेकणार नाहीत एवढं बघा.

स्वस्तातल्या गोल प्लास्टिकच्या घड्याळांत आणखी एक भानगड असते. त्यांच्या मशीनला नट नसतोच, ते मागून प्लास्टिकच्या कडीत खटकन बसवलेलं असतं. अशात नट असलेलं नवीन मशीन बसवायचं तर ती कडी ब्लेडनं साफ कापावी लागते आणि डायलचं भोक नळीच्या मापाचं करावं लागतं. बऱ्याच मशीनला ८ मिमीचं भोक लागतं, पण आधी मशीन हातात घेऊन मोजा आणि मगच ड्रिल मारा.

दुसरं माप खोलीचं. मशीनची जाडी, त्याच्या मागं पेंडुलमची दांडी, त्याच्या मागं भिंत. दांडी बहुतेक मशीनमध्ये मागच्या बाजूला लोंबते, आणि साधं गोल घड्याळ भिंतीला चिकटून बसतं, मग पेंडुलम भिंतीवर घासणार नाही तर काय होणार. घड्याळाच्या मागं वर-खाली एक-दीड सेंमीच्या लाकडी पट्ट्या मारा किंवा फर्निचरच्या पायाला लावायची रबरी बुटं चिकटवा, पेंडुलम आणि भिंत यांच्यात निदान एक सेंमी हवा खेळली पाहिजे.

तिसरं माप रुंदीचं, हे पेटीच्या घड्याळाला लागतं. समजा पेंडुलम २५ सेंमी लांब आहे आणि दोन्ही बाजूंना साधारण ८ अंश हलतो, तर खालचं टोक प्रत्येक बाजूला साडेतीन सेंमी जातं, म्हणजे एकूण ७ सेंमी. खालची चकती ५ सेंमीची असेल तर झाले १२, आणि दोन्हीकडं एक-एक सेंमी मोकळं, म्हणजे पेटी आतून १४ सेंमी रुंद पाहिजे. सुताराला पेटी करायला सांगताना आतलं माप सांगा, बाहेरचं नको, कारण प्लायची जाडी दोन्हीकडून आत येते आणि मग चकती टकटक आदळत बसते.

पेंडुलमची लांबी किती ठेवायची हा आवडीचा प्रश्न आहे, पण चालीत किती फरक पडतो ते बघा. १० सेंमीचा पेंडुलम एक पूर्ण फेरी, म्हणजे जाऊन येऊन, ०.६३ सेकंदात करतो, एकदम लगबगीचा दिसतो. २५ सेंमीचा एक सेकंद घेतो. ४० सेंमीचा सव्वा सेकंदाच्या थोडं वर. आणि जुन्या मोठ्या उभ्या घड्याळासारखा एका बाजूला जायला एक सेकंद, यायला एक सेकंद असा रुबाब पाहिजे तर जवळजवळ एक मीटर लांबी लागते, ते या छोट्या डब्बीचं काम नाही. माझं मत विचाराल तर हॉलमधल्या घड्याळाला २५ ते ३० सेंमी, त्याच्या खाली गेलं की तो पेंडुलम घाईत असल्यासारखा वाटतो. काही तयार दांड्यांना ठरावीक अंतरावर खाचा असतात, पाहिजे तिथं पकडीनं धरून मोडायचं, पण आधी पूर्ण लांबीवर लावून बघा, मोडलेली दांडी जोडता येत नाही.

खरेदीला फार लांब जायची गरज नाही. आपल्याकडची बरीचशी भिंतीवरची घड्याळं गुजरातच्या मोरबीतनं येतात (अजिंठ्याची लेणी आपली, अजंठा घड्याळ मात्र मोरबीचं, असो) आणि त्या मशीनची मापं बरीचशी एकसारखी असतात. लातूरला गंजगोलाईच्या आसपास, नांदेडला वजिराबादकडं, संभाजीनगरला सिटी चौक-गुलमंडीकडं घड्याळवाल्यांना विचारत गेलं की मिळून जातं, नाही तर ऑनलाइन आहेच. मशीन घेताना त्याच्यासोबतचेच काटे घ्या. हे विसरू नका. जुने काटे नव्या मशीनवर बसतीलच असं नाही, भोकाचं माप आणि आकार दोन्ही वेगळे असू शकतात, आणि काट्याचं भोक कानशीनं मोठं करायच्या नादात काटा वाकडा होतो. पेटीत स्टीलचा पत्रा असलेलं घड्याळ असेल तर तेही दुकानात सांगा, चुंबकाच्या अगदी जवळ लोखंड आलं की तो तिकडं ओढला जातो आणि पेंडुलम तिरका लोंबतो.

जुनं मशीन काढणं

सेल आधी काढा. मग घड्याळ टेबलावर जुन्या टॉवेलवर उताणं ठेवा, काच किंवा पुढची रिंग सोडवा. काटे वरनं खालच्या क्रमानं निघतात, आधी सेकंद, मग मिनिट, मग तास. सेकंद काटा बोटांनी सरळ वर ओढायचा, वाकडा नाही, त्याच्या खालची दांडी सुईएवढी असते. मिनिट काट्यावर कधी बारका गोल नट असतो, तो हातानं निघतो, नसेल तर काटाही नुसता दाबून बसवलेला असतो. अडून बसला तर डायलवर दोन्ही बाजूंना कागदाची घडी ठेवा, दोन चमच्यांचे दांडे काट्याच्या दोन्ही अंगानं खाली सरकवा आणि दोन्ही एकदम हलकेच दाबा, टक्कन वर येतो आणि डायलला ओरखडा पडत नाही. पक्कडीनं ओढायचं नाही. तास काटा थोडा डावी-उजवीकडं फिरवत ओढला की निघतो.

मग मधला मोठा नट. पान्हा नसेल तर पकड चालते, पण नटावर कापडाची चिंधी ठेवून. नट निघाला की त्याच्या खालचा वायसर, आणि मशीन मागून हातात येतं, बऱ्याचदा मशीन आणि डायलच्या मध्ये एक रबरी चकतीही असते, ती फेकू नका, नव्या मशीनला तीच लावायची, तिच्यामुळं मशीन फिरत नाही आणि टिकटिक लाकडात घुमत नाही.

नवीन बसवणं

रबरी चकती, मग मशीन मागून डायलच्या भोकात, पुढून वायसर, मग नट. आवळताना एका हातानं मशीन मागून धरा आणि ते बरोबर उभं आहे का बघा. इथं लोक घाई करतात. साधं मशीन थोडं तिरकं बसलं तरी काटे काय बिघडत नाहीत, पण जोड मशीन तिरकं बसलं तर पेंडुलमचा हुक मधोमध येत नाही, आणि बाहेरून घड्याळ सरळ दिसलं तरी पेंडुलम थांबतो. डायलच्या मागं १२ ते ६ अशी पेन्सिलनं रेघ मारून घ्या आणि मशीनच्या दोन्ही कडा त्या रेघेपासून सारख्या अंतरावर ठेवा. नट घट्ट झाला की पुरे, जोर लावला तर प्लास्टिकचे आटे जातात.

काटे लावताना वेळ १२ ची ठेवा, म्हणजे असं की तास काटा नेमका १२ वर लावायचा, मग मिनिट काटाही नेमका १२ वर, मग सेकंद काटा. आता मागचं चाक हळूहळू फिरवत मिनिट काटा एक पूर्ण फेरा न्या आणि बाजूनं डोळे लावून बघा काटे एकमेकांना कुठं टेकतात का, सगळ्यात जास्त टेकायची शक्यता तास आणि मिनिट काटा एकावर एक येतात तिथं. टेकत असले तर मिनिट काटा बोटानं किंचित वर वाकवा.

दुसऱ्या रस्त्यानं जाणाऱ्यांनी वेगळी डब्बी मशीनच्या खाली, त्याच मधल्या रेघेवर लावायची. लाकडी पाठ असेल तर दोन बारीक स्क्रू, प्लास्टिक असेल तर आधी डबल टेपनं लावून दोन दिवस चालवून बघायचं आणि जागा पक्की झाली की मगच कायमचं चिकटवायचं. फेव्हिक्विक डब्बीच्या फटीजवळ अजिबात नको, त्याचा एक थेंब आत गेला की हुक जागेवरच धरला. काही जण डोकं लढवून दोन्ही मशीनला एकाच सेलवरून वायरी देतात. चालतं ते, पण प्लसला प्लस आणि मायनसला मायनस अशीच जोडणी, वायर सेलच्या पत्तीला सोल्डर करायची, सेलला नाही, आणि सेल बदलायचा कंटाळा म्हणून मोबाईलच्या चार्जरची वायर तर बिलकुल नाही, तो पाच व्होल्ट देतो आणि ही मशिनं दीड व्होल्टची.

गोल बंद रिंगच्या घड्याळाला पेंडुलम बाहेर काढायला खालच्या कडेला खाच लागू शकते. खाच किती रुंद? कडा हुकापासून १० सेंमी खाली असेल तर दांडी तिथं प्रत्येक बाजूला दीडेक सेंमी हलते, म्हणजे चार सेंमीची खाच पुरते. हॅक्सॉ ब्लेडनं दोन्ही बाजूंना चीर पाडून मधला तुकडा मोडायचा आणि कडा पॉलिश पेपरनं घासून घ्यायच्या. समोरून दिसत नाही.

चकतीचं सांगायचं राहिलं. घरात जुनं बंद पडलेलं चावीचं घड्याळ असतं, त्याचा पितळी भारी पेंडुलम लोकांना मोह घालतो. नका लावू. तो स्प्रिंगच्या जोरावर हलायचा, ही कॉइल त्याला हलवू शकत नाही, सुरुवातीला ढकलला तेवढा वेळ हलेल आणि मरेल. पोकळ, पातळ पत्र्याची किंवा प्लास्टिकची सोनेरी मुलाम्याची चकती घ्या. आणि जुनं चावीचं घड्याळ फोडून त्यात सेलचं मशीन घालायचा विचार असेल तर आधी एकदा जाणत्या कारागिराला दाखवा, कित्येकदा नुसतं तेल-पाणी आणि साफसफाई केली की ते चालू होतं, मग फोडल्याचा पश्चात्ताप होतो.

टांगणं, आणि इथंच निम्मी घड्याळं फसतात

पेंडुलम अडकवायच्या आधी घड्याळ भिंतीवर टांगा. गवंड्याचा ओळंबा मिळाला तर उत्तम, नाही तर दोऱ्याला एक नट बांधला की झाला ओळंबा. तो १२ वरून सोडा, दोरा ६ वरून गेला पाहिजे. मग पेंडुलम हुकात अडकवा आणि न हलवता नुसता लोंबू द्या. तो डायलच्या बरोबर मध्यावर थांबतो का? थोडा जरी एका अंगाला असेल तर घड्याळ बोटानं तेवढं सरकवा. मग सेल घाला आणि पेंडुलमला एका बाजूला हलकं ओढून सोडा. पहिल्या मिनिटात हेलकावा कमी-जास्त होतो, घाबरायचं नाही, पाचेक मिनिटांत तो आपल्या मापावर येतो. हातात घड्याळ धरून चाचणी करू नका, हात हलतो आणि काहीच कळत नाही.

एका खिळ्यावर टांगलेलं घड्याळ पेंडुलमच्या हेलकाव्यानं, दारं आपटल्यानं हळूहळू सरकतं आणि आठ-पंधरा दिवसांनी तिरकं होतं. वर खिळा आणि खाली दोन्ही कोपऱ्यांना डबल टेपचे छोटे तुकडे, म्हणजे ते हलत नाही. सिमेंटच्या भिंतीला गिट्टी ठोकून स्क्रू लावा. माळवदाच्या जुन्या घरात मातीची जाड भिंत असते, तिथं खिळा ढिला पडतो, जुनी लाकडी खुंटी किंवा तुळई असेल तर तिलाच टांगा. काळ्या मातीत बांधलेल्या घरांना पावसाळा-उन्हाळ्यात भिंतीला बारीक तडे जात असतात, अशा तड्याजवळची जागाही टाळा, चार-सहा महिन्यांनी ओळंबा लावून बघितला तर बरं.

आणि कूलर. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं कूलरशिवाय जमत नाही, आणि त्याचा झोत उघड्या पेंडुलमवर आला की तो भोवऱ्यात आल्यासारखा गोल गोल फिरायला लागतो, मग हुकाला घासतो, मग थांबतो. पंख्याच्या बरोबर खालीही तेच. शिवाय कूलरच्या ओल्या हवेनं सेलच्या पत्त्या गंजतात. घड्याळ कूलरच्या समोरच्या भिंतीवर नको, आणि पेंडुलमपुढं काच असलेली पेटी केली तर धूळ, वारा आणि घड्याळामागं मुक्काम ठोकणारी पाल, तिन्ही बाहेर.

उन्हाचं आलंच आहे तर हेही सांगतो, कारण उन्हाळ्यात घड्याळ मागं पडलं की लोक पेंडुलमवर आळ घेतात. क्वार्ट्झचा स्फटिक २५ अंशाच्या आसपास सगळ्यात नेमका चालतो, त्याच्या वर गेलं तरी आणि खाली गेलं तरी तो किंचित मंदावतो. घरात ४२ अंश असेल तर हा फरक दिवसाला एका सेकंदाच्याही आतच राहतो. तेच चावीच्या घड्याळाला पोलादी दांडी असेल तर ती उन्हानं लांबते आणि तेवढ्याच गरमीत घड्याळ दिवसाला आठेक सेकंद मागं पडतं. तिथं नट वर चढवावा लागायचा. इथं दांडी कितीही लांबू द्या, काट्यांना खबरच नाही. महिन्याला १५-२० सेकंदांचा फरक साध्या सेलच्या घड्याळात चालतोच, रोज मिनिट-दोन मिनिटं जायली तर मात्र सेल उतरलाय किंवा काटे कुठंतरी घासतायत.

बंद पडलं तर कुठं बघायचं

काटे चालायलेत पण पेंडुलम थांबलाय: मशीनला शिव्या द्यायच्या आधी ओळंबा लावा, मग दांडी भिंतीला, खाचेला किंवा काचेला टेकते का बघा, एक पातळ कागद मागं-पुढं सरकवून बघितला की लगेच कळतं. हुकात दांडी नीट बसलीय का, कोळ्याचं जाळं तर लागलं नाही ना, तेही बघा. हे सगळं ठीक असेल तर सेल बदला. जोड मशीनमध्ये सेल उतरायला लागला की बऱ्याचदा पेंडुलम आधी मंदावतो आणि काटे नंतर.

पेंडुलम हलायलाय पण काटे थांबलेत: काटे एकमेकांत किंवा काचेला अडकलेत का बघा, सेकंद काटा जागच्या जागी थरथरत असेल, बहुतेक ९ च्या आसपास, तर सेल संपत आलाय, तिथून काट्याला वर चढायला सगळ्यात जास्त जोर लागतो. सेल नवा असूनही थरथरत असेल तर काटे मशीनच्या मानानं जड आहेत, सुताराकडनं करून घेतलेले लांब लाकडी काटे लावणाऱ्यांना हे फार होतं, त्यांना जास्त ताकदीचं मशीन वेगळं मिळतं.

दोन्ही बंद: सेल, नाही तर पत्त्या. पत्तीवर हिरवट-पांढरं काही साठलं असेल तर सेल काढून पॉलिश पेपरच्या बारीक तुकड्यानं घासा, कापडानं पुसा, पत्ती ढिली वाटली तर नखानं किंचित पुढं ओढा. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यावर काटे चालतात पण पेंडुलमचा हेलकावा कमी पडू शकतो, म्हणून इथं साधा दीड व्होल्टचा अल्कलाइनच घाला. पेंडुलम लावल्यावर सेल आधीपेक्षा लवकर संपणार हे धरूनच चाला. सेल घातला त्या दिवशीची तारीख चिकटपट्टीवर लिहून मशीनच्या मागं लावा, आणि गावाला जाताना घर दोन-तीन महिने बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवा, बंद घरात फुटलेला सेल मशीन खाऊन टाकतो.